एअर इनुइट आणि नुनाविकचा विमानप्रवास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडात राहणारे मराठी लोक, तिकडे नर्स, शिक्षक किंवा अभियंता म्हणून रुजू होणारे, आणि उत्तरेबद्दल नुसतं कुतूहल असणारे वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. रोख क्यूबेक प्रांताच्या उत्तरेवर, म्हणजे नुनाविकवर, आणि तिथे उडणाऱ्या एअर इनुइट या विमान कंपनीवर आहे. शेजारच्या प्रदेशांबद्दल शेवटी थोडं आहे. भाडी आणि वेळापत्रकं बदलत राहतात, त्यामुळे त्यांचे आकडे मुद्दाम दिलेले नाहीत.

एअर इनुइट ही सरकारी कंपनी आहे का? तिचा मालक कोण?

सरकारी नाही, आणि एखाद्या उद्योगपतीचीही नाही. नुनाविकमधल्या इनुइट लोकांची, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची, ही सामूहिक मालमत्ता आहे. त्यांच्या वतीने ती ‘माकिविक’ या संस्थेकडे आहे.

यामागचा इतिहास माहीत असायला हवा, कारण पुढची बरीच उत्तरं तिथूनच निघतात. १९७१ मध्ये क्यूबेक सरकारने जेम्स बे परिसरात प्रचंड जलविद्युत प्रकल्प जाहीर केला. ज्यांच्या शिकारीच्या भूमीवर आणि नद्यांवर तो उभा राहणार होता, त्या क्री (तिथलाच दुसरा मूळ रहिवासी समाज) आणि इनुइट लोकांना कोणी विचारलंच नव्हतं. ते न्यायालयात गेले. १९७३ मध्ये न्यायमूर्ती माल्युफ यांनी काम थांबवण्याचा आदेश दिला. तो आदेश आठवडाभरात वरच्या न्यायालयात स्थगित झाला, पण सरकारला वाटाघाटींना बसावं लागलं. ११ नोव्हेंबर १९७५ रोजी जेम्स बे आणि उत्तर क्यूबेक करार झाला आणि क्री व इनुइट यांना मिळून २२.५ कोटी डॉलरची भरपाई ठरली. इनुइटांच्या वाट्याचा पैसा सांभाळायला माकिविक स्थापन झाली. त्या पैशातून सुरुवातीलाच जे उभं केलं त्यात ही विमान कंपनी होती. १९७८ मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिच्याकडे एकच बीव्हर विमान होतं.

भरपाईचा पैसा हाती आल्यावर या लोकांनी आधी वाहतूक हाती घेतली, हा निर्णय मला फार दूरदृष्टीचा वाटतो.

तिथे खरंच रस्ता नाही? हिवाळ्यात बर्फावरून गाडी जात नाही का?

खरंच नाही. नुनाविकच्या १४ गावांपैकी एकही गाव दक्षिणेशी रस्त्याने जोडलेलं नाही, आणि गावं एकमेकांशीही नाहीत. रेल्वे नाही. गावातल्या गावात रस्ते आहेत, ट्रक आणि पिकअप फिरतात, पण रस्ता गावाबाहेर थोडा जाऊन संपतो. हिवाळ्यात लोक स्नोमोबाइलवरून शेजारच्या गावाला किंवा शिकारीला जातात, पण तो शेकडो किलोमीटरचा, हवामानाच्या भरवशावरचा प्रवास असतो. ट्रकने माल नेण्याजोगा हिवाळी रस्ता नाही.

५५ अंश अक्षांशाच्या वर साधारण पाच लाख चौरस किलोमीटरचा हा मुलूख आहे, म्हणजे क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या दीडपटीहून मोठा. लोकसंख्या मात्र १४ हजारांच्या आसपास.

कोणकोणती गावं येतात, आणि मॉन्ट्रियलहून जायचं कसं?

दोन किनारे लक्षात ठेवले की नकाशा सोपा होतो. पूर्वेला उंगावा उपसागर आणि पश्चिमेला हडसन उपसागर. उंगावा बाजूचं मुख्य ठाणं कूजुआक. हे सगळ्यात मोठं गाव, वस्ती अडीच हजारांहून जास्त. मॉन्ट्रियलपासून हवाई अंतर साधारण १,४५० किलोमीटर, थेट जेटने दोन तासांच्या थोडं वर. तिथून छोट्या विमानांनी तासियुयाक, औपालुक, कांगिरसुक, क्वाक्ताक अशी गावं गाठतात. हडसन बाजूला ला ग्रांद (जलविद्युत प्रकल्पाजवळचा विमानतळ), कूजुआरापिक आणि पुवर्निटूक हे टप्पे आहेत. त्याच किनाऱ्यावर उमियुयाक, इनुकजुआक, अकुलिविक, आणि अगदी टोकाला इवुयिविक, क्यूबेकमधलं सर्वांत उत्तरेचं गाव.

किनाऱ्याने जाणारं विमान गावोगाव थांबणाऱ्या एसटीसारखं चालतं. दोन माणसं उतरतात, चार चढतात, टपालाच्या थैल्या आणि दुधाचे खोके उतरतात, की पुढचं गाव. त्यामुळे नकाशावर जवळ दिसणाऱ्या गावाला पोहोचायला अख्खा दिवस जाऊ शकतो.

भारतीय पासपोर्टवर आहे. वेगळा परवाना लागतो का?

नाही. कॅनडाचा वैध व्हिसा किंवा रहिवासाचा परवाना असला की पुरे, कारण हा देशांतर्गत प्रवास आहे. ओळखपत्र म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा.

खरी अडचण राहण्याची असते. लहान गावात हॉटेल म्हणजे मोजक्या खोल्या, आणि त्या कामानिमित्त आलेल्या लोकांनी आधीच भरलेल्या असतात. खोली पक्की झाल्याशिवाय तिकीट काढू नका. विमानतळावर उतरून शोधू, हा विचार इथे चालत नाही.

तिकीट इतकं महाग का? एवढ्यात तर युरोपला जाऊन येता येईल!

येतं, आणि बऱ्याचदा पैसेही उरतात. याची कारणं एकात एक गुंतलेली आहेत.

पहिलं, माणसं कमी. औपालुकची वस्ती अडीचशेहून कमी. दीडशे प्रवाशांच्या विमानात खर्च दीडशे जणांत वाटला जातो, इथे तो १९ आसनी ट्विन ऑटरमध्ये दहा-बारा जणांवर पडतो. दुसरं, इंधन. विमानाचं इंधन बर्फ वितळल्यावर जहाजाने येतं आणि टाक्यांत साठवून वर्षभर पुरवावं लागतं. साठवणुकीचा आणि वाहतुकीचा खर्च त्याच्या किमतीत आलाच. तिसरं, थंडी. उणे ३०-३५ अंशांत इंजिन गरम ठेवावं लागतं, पंखांवरचा बर्फ काढावा लागतो, आणि हँगर नसलेल्या गावात विमान बिघडलं तर तंत्रज्ञ आणि सुटा भाग दोन्ही दुसऱ्या विमानाने आणावे लागतात. चौथं, रिकामा परतीचा फेरा. उत्तरेकडे जाताना विमान मालाने खच्चून भरतं, पण दक्षिणेकडे येताना आणायला फारसं काही नसतं. एकाच दिशेच्या मालाने दोन्ही दिशांचा खर्च भरून काढावा लागतो.

आणि हवामान. रद्द झालेल्या फेरीतही वैमानिकांचा पगार, हॉटेल आणि विमानाचा हप्ता चुकत नाही.

कंपनी लोकांचीच आहे ना, मग लोकांसाठी भाडं कमी का नाही करत?

हा प्रश्न बाहेरचे जितके विचारतात त्याहून जास्त नुनाविकचे लोक स्वतः विचारतात, आणि तो पूर्णपणे रास्त आहे.

इथे प्रवासी आणि मालक एकच. भाडं खर्चाच्या खाली आणलं तर तोटा त्याच लोकांच्या सामायिक निधीतून भरावा लागेल, आणि तो निधी पुढच्या पिढ्यांसाठी राखलेला आहे. नफा झाला तर तो माकिविकमार्फत त्यांच्याकडेच राहतो. म्हणजे कंपनी एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकू शकते, पण वरच्या प्रश्नात सांगितलेला खर्च नाहीसा करू शकत नाही.

तो खर्च उचलायचा कोणी, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे. दक्षिणेत सरकार महामार्ग बांधतं, बर्फ हटवतं, आणि गाडी चालवणाऱ्याकडून त्याचा पूर्ण खर्च वसूल करत नाही. नुनाविकचा महामार्ग आकाशात आहे आणि तिथे मात्र प्रत्येक प्रवाशाला जवळपास पूर्ण किंमत मोजावी लागते. आईच्या अंत्यविधीला शेजारच्या गावी जाता आलं नाही, कारण तिकीट परवडलं नाही, असं कोणाच्याही वाट्याला येऊ नये.

थोडी मदत आहे. प्रदेशाचं स्थानिक सरकार, म्हणजे कातिविक प्रादेशिक सरकार, क्यूबेकच्या पैशातून रहिवाशांसाठी भाडे-सवलत योजना राबवतं. १९७५ च्या कराराच्या लाभार्थ्यांसाठी कंपनीचीही सवलतीची भाडी असतात. दोन्हींच्या अटी वेगळ्या आहेत, म्हणून तिकीट काढण्याआधी विचारून घ्या. पाहुण्यांना आणि अल्पकाळ कामावर आलेल्यांना या सवलती गृहीत धरता येत नाहीत.

विमानाच्या पुढच्या भागात खिडक्याच नाहीत असं दिसलं. तिथे काय असतं?

माल. या विमानांना काँबी म्हणतात. मध्ये हलवता येणारी भिंत असते. पुढे माल, मागे प्रवासी. त्या दिवशी प्रवासी कमी असतील तर भिंत मागे सरकवून आसनं काढतात आणि मालाची जागा वाढवतात. फक्त प्रवासी नेणारं विमान इथे तोट्यात जाईल आणि फक्त माल नेणारं रोज उडणार नाही. दोन्ही एकत्र केल्यामुळेच नियमित सेवा शक्य होते. म्हणून प्रवासी मागच्या दाराने चढतात.

खडीच्या धावपट्टीवर जेट उतरतं हे खरं आहे का? इंजिनात दगड जात नाहीत?

खरं आहे. उत्तर कॅनडात बोईंग ७३७-२०० हे जेट अनेक दशकं खडीवर उतरत आलं. त्यासाठी बोईंगने खास साहित्य बनवलं होतं. पुढच्या चाकामागे एक रुंद धातूची ढाल असते, ती चाकाने उडवलेले खडे पोटाला लागू देत नाही. इंजिनाच्या तोंडापाशी एक नळी पुढे आलेली दिसते. इंजिन जमिनीजवळ हवा ओढतं तेव्हा खाली छोटा भोवरा तयार होतो आणि तो खडे वर खेचतो. नळीतून दाबाची हवा खाली फुंकली की तो भोवरा बनतच नाही. शिवाय पोटाच्या भागाला जाड रंग, टायरमध्ये कमी दाब, आणि उतरताना वैमानिकाने पाळायची वेगळी शिस्त.

अडचण अशी की हे साहित्य फक्त त्या जुन्या मॉडेलसाठी बनलं. नंतरच्या ७३७ ची इंजिनं जाड आहेत आणि जमिनीच्या जास्त जवळ लटकतात, त्यामुळे त्यांना खडी चालत नाही. ७३७-२०० चं उत्पादन तर १९८८ मध्येच थांबलं. एअर इनुइटने पुढचा मार्ग म्हणून ७३७-८०० निवडलं आहे. पण ते डांबरी धावपट्टीवरच जाऊ शकतं, आणि नुनाविकच्या बहुतेक गावांत धावपट्टी खडीची आणि साधारण ३,५०० फूट लांबीची आहे. कूजुआकची मोठी आणि डांबरी आहे, कारण दुसऱ्या महायुद्धात तिथे अमेरिकी हवाई तळ होता.

म्हणून लहान गावांची भिस्त आजही डॅश-८ आणि ट्विन ऑटरवर आहे. पंख्यांची ही दोन्ही विमानं कॅनडातच डिझाइन झाली. ट्विन ऑटर पहिल्यांदा १९६५ मध्ये उडालं आणि आखूड, ओबडधोबड पट्टीवर उतरण्यात आजही त्याला तोड नाही.

आता एक नवी काळजी आहे. या धावपट्ट्यांखालची जमीन कायम गोठलेली होती, ती हवामान बदलामुळे वितळून खचते आहे. तासियुयाकच्या धावपट्टीवर लावाल विद्यापीठाच्या संशोधकांनी याचा अनेक वर्षं अभ्यास केला, भरावाचा उतार बदलून जमीन गोठलेली ठेवता येते का हेही तपासलं.

इतकी जुनी विमानं सुरक्षित असतात का?

विमानाचं वय ही भीतीची पहिली खूण नाही. देखभालीचे तास आणि तपासण्या कायद्याने ठरलेल्या असतात, आणि जुन्या विमानालाही त्या चुकत नाहीत. उत्तरेत धोका जास्त येतो तो कमी दृश्यता, बदलता वारा आणि जमिनीवरच्या मर्यादित सोयी यांतून.

उत्तरेतला सर्वांत वेदनादायक धडा २० ऑगस्ट २०११ चा आहे. नुनावुत या नुनाविकच्या उत्तरेकडच्या वेगळ्या प्रदेशातल्या रेझोल्यूट इथे फर्स्ट एअरचं ७३७-२०० काँबी उतरताना टेकडीवर आदळलं. विमानातल्या १५ पैकी १२ जण गेले. फर्स्ट एअरही तेव्हा माकिविकच्याच मालकीची होती. तपासात विमानाचं वय नव्हे तर वेगळंच पुढे आलं. दिशादर्शक यंत्रणेत चूक होती, ऑटोपायलटची अवस्था बदलली ते लक्षात आलं नाही, आणि सहवैमानिकाने मार्ग चुकतोय असं वारंवार सुचवूनही उतरणं थांबवलं गेलं नाही. चुंबकीय ध्रुवाजवळ होकायंत्र भरवशाचं राहत नाही, म्हणून अतिउत्तरेत दिशा भौगोलिक उत्तरेवरून मोजतात. तिथे यंत्रणा नीट जुळलेली असणं जीवनमरणाचं ठरतं. कॉकपिटमध्ये धाकट्याने थेट ‘थांबा’ म्हणायचं आणि थोरल्याने ते ऐकायचं, यावर तेव्हापासून भर वाढला आहे.

हवामानामुळे उड्डाण रद्द झालं तर भरपाई मिळते का?

हवामानासाठी रोख भरपाई नाही. कॅनडाच्या २०१९ च्या प्रवासी संरक्षण नियमांत वादळ, धुकं ही कंपनीच्या हाताबाहेरची कारणं धरली जातात. मात्र ८ सप्टेंबर २०२२ पासून असा नियम आहे की कंपनीला ४८ तासांच्या आत पुढचं आरक्षण देता आलं नाही, तर प्रवासी परतावा मागू शकतो.

विलंब कंपनीच्याच हातातल्या कारणाने झाला आणि सुरक्षेशी संबंधित नसेल तर भरपाई लागू होते. लहान विमान कंपन्यांसाठी ती तीन तासांपासून १२५, सहा तासांपासून २५० आणि नऊ तासांनंतर ५०० कॅनेडियन डॉलर आहे. दक्षिणेतल्या मोठ्या कंपन्यांचे ४००, ७००, १,००० हे आकडे वाचून दावा करू नका.

माझा आग्रहाचा सल्ला : मॉन्ट्रियलहून भारताचं पुढचं विमान असेल तर मध्ये किमान दोन दिवस ठेवा, आणि दोन्ही तिकिटं वेगळी काढली असतील तर त्याहून जास्त. औषधं नेहमी हातातल्या पिशवीत, आठवडाभर पुरतील इतकी.

गावात कोणी गंभीर आजारी पडलं तर काय करतात?

प्रत्येक गावात आरोग्य केंद्र आहे, तिथला भार मुख्यतः नर्सवर असतो. रुग्णालयं दोनच : कूजुआकचं उंगावा तुलाताविक आणि पुवर्निटूकचं इनुलित्सिविक. त्यापुढचे उपचार मॉन्ट्रियलला. गावातून रुग्णालयापर्यंत आणि कधी पुढे दक्षिणेपर्यंत रुग्ण विमानानेच जातो. तातडी नसेल तर नेहमीच्या फेरीने, असेल तर खास विमानाने. मॉन्ट्रियलजवळ दोर्व्हालमध्ये ‘उलिविक’ हे नुनाविकच्या रुग्णांसाठीचं निवासस्थान आहे.

प्रांताची स्वतःची हवाई रुग्णवाहिकाही आहे, आणि तिच्यात अनेक वर्षं आईबापांना आजारी मुलासोबत बसू देत नसत. लहान मूल, ज्याला फक्त इनुक्तितुत ही इनुइटांची भाषा कळते, ते अनोळखी माणसांसोबत हजार-दीड हजार किलोमीटर एकटं जायचं. डॉक्टरांनी आणि कुटुंबांनी मोठी चळवळ केली आणि २०१८ मध्ये हा नियम बदलला. हे इतक्या उशिरा व्हावं याचा मला आजही राग येतो.

बाळंतपणाची गोष्ट मात्र उमेद देणारी आहे. पूर्वी गरोदर बायकांना काही आठवडे आधीच दक्षिणेला पाठवत. १९८६ मध्ये पुवर्निटूकच्या बायकांच्या आग्रहामुळे तिथे प्रसूतिकेंद्र सुरू झालं आणि इनुइट सुईणी तिथेच प्रशिक्षण घेऊन तयार झाल्या. पुढे इनुकजुआक आणि सालुइतमध्येही केंद्रं निघाली. आता हडसन किनाऱ्यावरची बहुतेक बाळं आपल्या माणसांत जन्मतात.

किराणा, फर्निचर, गाड्या हे सगळं विमानाने येतं?

नाही. जड आणि न नासणारं सगळं उन्हाळ्यात, साधारण जुलै ते ऑक्टोबर, जहाजाने येतं. गाड्या, सिमेंट, लाकूड, पिठाची पोती, डायपर. बहुतेक गावांत खोल बंदर नाही, म्हणून जहाज दूर उभं राहतं आणि भरती पाहून तराफ्यांनी माल किनाऱ्याला लावतात. उंगावा उपसागराची भरती जगातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी एक आहे, त्यामुळे वेळ चुकवून चालत नाही.

दूध, भाजी, फळं, अंडी, टपाल आणि औषधं विमानाने. ताज्या अन्नाच्या हवाई वाहतुकीसाठी केंद्र सरकारचं अनुदान आहे. १ एप्रिल २०११ पासून ते ‘न्यूट्रिशन नॉर्थ’ या नावाने चालतं. पैसे दुकानदाराला किंवा पुरवठादाराला मिळतात आणि त्याने ते किमतीतून कमी करायचे असतात. ते खरंच पूर्ण उतरतात का, यावर उत्तरेत सतत वाद चालू असतो.

नोकरीसाठी जातोय. डाळ-तांदूळ, मसाले नेता येतील का? आणि येताना काय आणता येईल?

नेता येतील, आणि जरूर न्या. तूरडाळ, गोडा मसाला, कढीपत्ता तिथल्या दुकानात शोधू नका. शिक्षक आणि आरोग्य कर्मचाऱ्यांच्या करारात बहुतेक वेळा वर्षाला ठरावीक फेऱ्यांचं भाडं आणि अन्न पाठवण्याचा भत्ता असतो. रुजू होण्याआधी ते कलम वाचा. विमानात जादा सामान जागा असेल तरच चढतं आणि मागाहूनच्या फेरीनेही येऊ शकतं, म्हणून पहिल्या आठवड्याचं सामान हाताशी ठेवा.

दारूचे नियम गावागावांत वेगळे आहेत. नेण्याआधी गावाच्या कार्यालयात विचारा. त्या बंधनांमागे लोकांनी सोसलेलं बरंच काही आहे, त्याचा मान ठेवावा.

येताना गोठवलेला ‘आर्क्टिक चार’ (char) जातीचा मासा आणणं अगदी सर्रास चालतं. दक्षिणेत शिकणाऱ्या किंवा उपचार घेणाऱ्या नातेवाइकांसाठी कुटुंबं शीतपेट्या भरून हा मासा आणि कॅरिबूचं (उत्तरेकडच्या हरणाचं) मांस पाठवतात.

वैमानिक इनुइट असतात का?

काही असतात, पण अजून बहुसंख्य दक्षिणेतले आहेत. कूजुआकचे जॉनी मे हे नुनाविकमधले पहिले इनुइट वैमानिक. १९६५ पासून पन्नासहून अधिक वर्षं ते दर नाताळात गावावरून विमान नेऊन मुलांसाठी गोळ्या-चॉकलेटं, मोजे-टोप्या खाली टाकत. अख्खं गाव बर्फात उभं राहायचं. इनुकजुआकच्या मेलिसा हेनी या एअर इनुइटमध्ये कॅप्टन झालेल्या पहिल्या इनुक (‘इनुइट’चं एकवचन) महिला. स्थानिक तरुणांना वैमानिक करण्यासाठी कंपनीचा ‘स्पॅरो’ हा प्रशिक्षण कार्यक्रम आहे.

मध्यरात्रीचा सूर्य दिसेल का?

नुनाविकमध्ये नाही. इवुयिविकसुद्धा आर्क्टिक वर्तुळाच्या खाली, ६२ अंशांवर आहे. डिसेंबरात कूजुआकला सहा तासांच्या आसपास उजेड असतो, जूनमध्ये अठरा. उत्तरेचा प्रकाश (ऑरोरा) मात्र भरपूर दिसतो.

इकालुइत, लाब्राडोर किंवा ग्रीनलंडला हीच कंपनी नेते का?

तिथे मुख्य सेवा इतरांची आहे. नुनावुत (राजधानी इकालुइत) आणि वायव्य प्रदेशात कॅनेडियन नॉर्थ. २०१९ मध्ये फर्स्ट एअर तिच्यात विलीन झाली तेव्हा कॅनेडियन नॉर्थ माकिविक आणि इनुविआलुइत (वायव्य प्रदेशातले इनुइट) यांच्या मालकीची होती. २०२५ मध्ये ती एका मोठ्या खासगी विमानवाहतूक समूहाला विकली गेली. एअर इनुइट त्या व्यवहारात नव्हती, दोन्हींची गल्लत करू नका. लाब्राडोरच्या किनाऱ्यावरची नेन, होपडेल वगैरे गावं गूस बेहून एअर बोरिआलिस जोडते. ग्रीनलंडमध्ये १९६० पासूनची एअर ग्रीनलंड आहे, ती आता तिथल्या सरकारची. राजधानी नुक इथे २०२४ च्या नोव्हेंबरात मोठी धावपट्टी सुरू झाल्यापासून तिचं सगळं जाळं बदललं आहे.

सानिकिलुआक तर नुनावुतमध्ये आहे, मग तिथे एअर इनुइट कशी जाते?

कारण सीमा कागदावर आहे आणि गाव समुद्रात. हडसन उपसागरातली बेटं प्रशासनाने नुनावुतची, त्यामुळे बेल्चर बेटांवरचं हे गावही नुनावुतचं. पण ते राजधानी इकालुइतपासून खूप दूर आणि क्यूबेकच्या किनाऱ्याला खूप जवळ आहे, म्हणून कूजुआरापिकमार्गे जाणं सोयीचं पडतं. इथे जाताना एक गोष्ट तपासा : क्यूबेकच्या रहिवाशांसाठीची भाडे-सवलत सानिकिलुआकच्या लोकांना लागू होईल असं धरून चालू नका, त्यांच्या योजना नुनावुतकडून येतात.